गांधीनगरच्या घरांखालचे पोलिश गाव



कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची ठोक कापडपेठ ठाऊक नसलेला व्यापारी या सभेत विरळाच. लग्नसराईच्या आधी माल पाहायचा, भाव ठरवायचा, गठ्ठे बांधून घ्यायचे आणि परतायचे, हा दरवर्षीचा शिरस्ता. परंतु ज्या भूमीवर ही पेठ उभी आहे, त्या वळिवड्याच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे गाव वसले होते, हे फारसे कोणी बोलत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, भूक आणि रोगराई यांनी घरेच्या घरे रिकामी झाली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. जे जगले त्यांतील काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, हे प्रसिद्धच आहे. वळिवड्यात आल्या त्या मुख्यत्वे स्त्रिया व बालके. पुरुष सैन्यात गेलेले, अथवा मागेच राहिलेले.

बराकींच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह असे सारे काही तेथे होते. सर्व खर्च कोल्हापूर संस्थानाने सोसला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. खर्चाचा भार प्रामुख्याने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारवर होता. कोल्हापूरने भूमी दिली, शेजार दिला. घर गमावलेल्यास शेजार काय असतो, हे निराळे सांगावयास नको.

युद्ध संपले, तरी परतण्यास घर उरले नव्हते. त्यांची गावे सोव्हिएत संघराज्यात गेली होती. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेले. काहींची माती मात्र कोल्हापूरच्या दफनभूमीतच राहिली.

रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले. एका निर्वासिताची चूल विझली, तेथेच दुसऱ्याची पेटली. या दुसऱ्यांनीच पुढे कापडाचा व्यापार उभा केला.

१९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये, बालपण येथे घालवलेली काही वृद्ध मंडळी पुन्हा वळिवड्यास आली. बहुतेक बराकी तोवर पडून त्यांवर पक्की घरे, दुकाने झाली होती.