बोर्डीत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि घोलवड स्टेशनावरून रिक्षात दाटीवाटीने बसून इथवर आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

बोर्डीकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. मी चिकूचा बागायतदार. मुलांची संस्कृती आणि शोधातून शिक्षण, या परिषदेच्या विषयावर तज्ज्ञ बोलतीलच. मी गावाबद्दल बोलतो.

गाव लहान, पण रिकामे नाही. पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी इथल्याच बाहरोटच्या डोंगरात लपवून जपला, असे सांगतात. 1920 पासून इथे हायस्कूल आहे. समुद्र आहे, सुरूची झाडे आहेत, आणि चिकू तर काय, भौगोलिक मानांकनवाला!

पण मला सांगायचे आहे ते कुरणशाळेबद्दल. 1945 साली बालशिक्षणाच्या कामासाठी ताराबाई मोडक बोर्डीत आल्या, पाठोपाठ अनुताई वाघ. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीचे मूळ ते. माँटेसरीची महागडी साधने परवडणार कुणाला? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हाताशी होतेच. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरांमागे. मग शाळाच कुरणात भरू लागली. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंचे नावही लोक घेतात; पण कुरणशाळा किती जणांना ठाऊक आहे? आमच्या तालुक्यातल्या पोरांनासुद्धा नाही. गुरे राखणाऱ्या मुलाला गवत, पाखरे, पाऊस आपल्यापेक्षा जास्त कळतो, हे धरून चालणारी शाळा होती ती. आपल्या विषयाशी संबंध लागतो तो एवढाच, पण मला तो पुरेसा वाटतो.

उद्या पाड्यावर जाल तेव्हा एक करा. वारली चित्र म्हणजे भिंत सजवायची नक्षी, असे समजून मुलांकडून ती नुसती गिरवून घेऊ नका. लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. मध्ये पालघट देवीच का, हे मुलांनी घरी जाऊन आजीला विचारू दे. तारपा वाजताना पाहाल. भोपळा, बांबू, ताडाचे पान. भोक बोटाने झाकले की सूर का बदलतो, हे विज्ञानाच्या तासाला तारपा हातात घेऊनच शोधता येईल.

आता क्षमायाचना. निवासाच्या खोल्या कमी पडल्या; काहींना शाळेच्या वर्गात गाद्यांवर झोपावे लागेल. डास आहेत, अगरबत्ती प्रत्येक खोलीत ठेवली आहे. पाणी खारट लागेल. पिण्याचे टँकरचे आहे, निळ्या पिंपातले. सगळ्या गाड्या घोलवडला थांबत नाहीत, त्यामुळे परतीचे वेळापत्रक नोंदणीच्या टेबलावर लावले आहे.

मंडप, तांदूळ आणि खुर्च्या देणाऱ्या बागायतदारांचे, बोंबील पाठवणाऱ्या मच्छीमार बांधवांचे, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनींचे, एक रुपयाही न घेता ध्वनिक्षेपक लावणाऱ्या आमच्या तरुणांचे आभार. पावत्या अजून फाडतोच आहोत. ज्यांचे नाव राहिले, त्यांनी रागवू नये, कोषाध्यक्षांना धरावे.

शाकाहारी पंगत डावीकडे, मासे उजवीकडे. उद्याच्या बसेस सातला सुटतील. चपला नकोत, बूट घाला, टेकडीवर काटे आहेत.