तीन आण्यांत दोन मैल



या व्यासपीठावर संतवाङ्मयाचे आणि इतिहासाचे अभ्यासक बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन आम्ही जिनाच्या दाराशी पत्रके वाटता वाटता केले. एका कागदावर चार ओळींत काय लिहिले म्हणजे थकून घरी निघालेला माणूस थांबतो, हा आमच्या पोटापाण्याचाच प्रश्न झाला. म्हणून आजचा विषय निवडला : मूकपटांच्या काळात चित्रपटगृहे वर्तमानपत्रांत देत त्या लहान जाहिराती. आपल्या शेलूबाजारच्या नावातच बाजार आहे. तेव्हा मालाची हाक कशी द्यावी, हा विषय आपणांस परका वाटू नये.

मुंबईत हलती चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसाने ती दाखविली. त्या दिवशीच्या टाइम्स ऑफ इंडियातील जाहिरातीत या खेळाला शतकाचे नवल आणि जगाचे आश्चर्य म्हटले होते. पुढे काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले. तेव्हा चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव बैठकीची सोय जाहीर झाली. आम्हांस पहिल्या जाहिरातीपेक्षा ही दुसरी अधिक शहाणपणाची वाटते. ‘जगाचे आश्चर्य’ कोणीही लिहील. परंतु चार आणेवाल्याला आणि घरातल्या बाईला ‘तुमच्यासाठीही जागा आहे’ असे सांगणे, हे गिऱ्हाईक ओळखणाऱ्याचे काम आहे.

आता दादासाहेब फाळक्यांकडे येऊ. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याची जाहिरात केवढीशी! पण तिच्यात किती गोष्टी होत्या ते पाहा. चित्र हिंदुस्थानात तयार झालेले पहिले, विषय पुराणातला आणि बोधप्रद, काशीतील मूळ देखावे, खर्च मोठा, आणि खेळांच्या वेळा. शेवटी स्पष्ट सांगितले होते की दर नेहमीच्या दुप्पट. दुप्पट दर लपवून ठेवला असता, तर माणूस दारापर्यंत आला असता आणि शिव्या देत परतला असता. तो उघड छापला, म्हणून त्याचेच वजन झाले : दुप्पट घेतात, त्या अर्थी काही विशेष असले पाहिजे!

याच चित्राची सुरतेतील गोष्ट सांगतात. तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची सवय. तासाभराच्या चित्राला कोण जाणार? पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपयांचा झाला म्हणे. नाट्यगृहाचा मालक म्हणाला, खेळ लांबवा नाहीतर दर उतरवा. फाळक्यांनी दोन्ही नाकारले, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत! गल्ला तीनशेवर गेला असे सांगतात.

ही ओळ इतकी का लागू पडली? आमचे मत असे की ती डोळ्यांसाठी नव्हती, कानांसाठी होती. १९११ च्या जनगणनेत या देशात शंभरांतील जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी ती वेळ. वेलबुट्टी ऐकू येत नाही. ‘अप्रतिम’, ‘अपूर्व’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून जातात. पण ‘सत्तावन्न हजार’, ‘दोन मैल’ आणि ‘तीन आणे’ हे तोंडातोंडी जातात, दवंडीसारखे.

छापखान्याचाही भाग होता. जुळारी एकेक खिळा हाताने जुळवी, आणि जागेचे पैसे कॉलमच्या इंचावर मोजले जात. म्हणून एकच ओळ मोठ्या टाइपात, बाकी सारे बारीक, भोवती रुळाची चौकट आणि थोडी कोरी जागा. सगळेच मोठे केले तर काहीच मोठे दिसत नाही. सभेत सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, तसेच हे.

परंतु आम्ही पडलो हिशेब तपासणारे. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागा. साडेतीन हजार फुटांच्या किंचित वर उत्तर येते. चित्राची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगतात. म्हणजे छायाचित्रांचा आकडा बरोबर. आणि दोन मैल म्हणजे किती? १०,५६० फूट! म्हणजे ‘दोन मैल’ जवळजवळ तिप्पट फुगविलेले होते. तीन आणे खरे, कारण ते खिडकीवर मोजले जात. मैल खोटे, कारण फिल्म मोजायला कोणी फूटपट्टी घेऊन जाणार नव्हते. फाळक्यांविषयी आमचा आदर याने तसूभरही कमी होत नाही. प्रेक्षकाला त्याच्या तीन आण्यांचे चित्र मिळाले. परंतु जाहिरात खोटे कोठे बोलते, ते येथे कळते : जेथे वाचणाऱ्याला मोजता येत नाही, तेथे.

हे आम्हांस का बोचते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात दोन इंचांची जाहिरात आली : कामगार पाहिजेत, भरपूर पगार, राहण्याची सोय. आमच्या ओळखीचे अकरा जण बोजा बांधून गेले. ‘भरपूर’ म्हणजे किती, हे कोणी विचारले नव्हते. राहण्याची सोय म्हणजे गोदामाची पडवी निघाली. दोन महिन्यांनी ते परतले तेव्हा पगार अर्धा बुडाला होता, आणि भांडायला गेलो तर हाती कागद होता तो ‘भरपूर’ या शब्दाचा. त्या शब्दावर कोणता दावा लावायचा? जाहिरातीत आकडा असता, तर आमच्या हाती काठी असती.

दोष दुसऱ्यालाच देऊन चालणार नाही. आम्हीही एकदा पत्रकात ‘प्रचंड सभा’ छापले आणि सभेला चाळीस माणसे आली. सभा संपल्यावर एक म्हातारी माय म्हणाली, “भाऊ, कागदावर तं लय मोठी सभा होती. इथं तं सतरंजी बी भरली नाई.” त्या दिवसापासून ‘प्रचंड’ हा शब्द आमच्या पत्रकातून गेला. आता आम्ही चारच गोष्टी लिहितो : काय, कोठे, केव्हा आणि किती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, चित्र बोलू लागले आणि मूकपट मागे पडला. जाहिराती मात्र त्यापूर्वीही बोलत होत्या आणि आज मोबाइलच्या काचेवरही बोलत आहेत. आपल्या मुलाने अशी एखादी जाहिरात दाखविली, तर आधी तिच्यातील आकडा शोधा. आकडा सापडला तर तो मोजता येतो का ते पाहा. नोकरीची, कर्जाची किंवा बियाण्याची जाहिरात असेल तर ‘मैल’ कोणते आणि ‘आणे’ कोणते, हे निवडून घ्या; मगच घरातून पैसा बाहेर काढा.