मुलांचे 'का?' आणि आमची उत्तरे



आम्ही आईबाप दिवसभर कचेरीत साहेबाला उत्तरे देतो; घरी येतो तो त्याहून कडक साहेब दारात उभा! "बाबा, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" आमची उत्तरे ठरलेली. "आईला विचार", "मोठी झालीस की कळेल", नाहीतर "आधी दूध पी". आईकडे गेलेला प्रश्न "बाबांना विचार" असा शेरा घेऊन, फायलीसारखा परत येतो.

हे दुखणे जुनेच आहे. कठोपनिषदात नचिकेताने बापाला एकच प्रश्न तीनदा विचारला. संतापून बापाने त्याला मृत्यूला देऊन टाकले. पोरगा यमाच्या दारी जाऊन तिथेही विचारीतच राहिला! यमाने धन, राज्य, दीर्घायुष्य देऊ केले. खाऊ देऊन प्रश्न टाळायची ही आमचीच युक्ती. पण शेवटी यमालाही उत्तर द्यावेच लागले.

चंद्राच्या बाबतीत आम्ही म्हटले, "त्याला तू आवडतेस." लगेच पुढचा प्रश्न, "मग तो बंडूबरोबर का चालतो?" तेव्हा मात्र आम्ही खरे बोललो, "ठाऊक नाही, पाहू या." दोघे गच्चीवर फिरलो. जवळची झाडे मागे सरकत होती. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. आमच्या चार पावलांनी त्याची दिशा काय बदलणार!

मंडळी, थट्टेने वेळ मारून न्यावी, पण उत्तराचे देणे बुडवू नये. कारण एके दिवशी घर शांत होते, मूल विचारायचे थांबते. त्या शांततेला आम्ही समजूतदारपणा म्हणतो, आणि तिथेच फसतो.