वंशद्वेषाचे दफ्तर
(म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथील मराठी भाषिकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षस्थान स्वीकारताच मी लगेच वादास उभा राहतो. कारण माझ्यापूर्वी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी दोन विधाने अशी केली आहेत की त्यांना उत्तर न देता या खुर्चीत बसून राहणे मला शक्य नाही. पहिले विधान असे की, परक्या चेहऱ्याविषयीची भीती मनुष्याला निसर्गानेच दिली असून वंशद्वेष हा तिचाच विस्तार होय. दुसरे असे की, हा रोग गोऱ्या राष्ट्रांचा. आपल्याकडे फार तर जातिभेद आहे, वंशद्वेष नाही. ही दोन्ही विधाने मला साफ अमान्य आहेत.

भीती स्वाभाविक असेल. परंतु भ्यालेला मनुष्य दूर पळतो, तो दुसऱ्याच्या रानात शिरून त्याची जमीन, त्याचे श्रम आणि त्याची मुलेबाळे ताब्यात घेत नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे गलबतांत भरून गोव्याच्या बाजारात आणली, ती त्यांच्या कांतीची भीती वाटली म्हणून आणली काय? त्यांना फुकट राबणारे हात हवे होते. आणि हात फुकट मिळविल्यावर ते हात जन्मतःच हीन आहेत असे सांगणारे शास्त्र व धर्मवचन जुळवणे क्रमप्राप्तच होते. आणलेल्या त्या माणसांचे वंशज सिद्दी आज कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहतात, घरात कोकणी व मराठी बोलतात. तरी आपल्याच भाषेत बोलणाऱ्या त्या माणसाला ‘तू मूळचा कुठला?’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असे आपण धरून चालतो. अपहार आधी होतो, हीनतेची उपपत्ती मागाहून येते, आणि अपहाराचा लाभ चालू असेतोवर ती उपपत्ती जिवंत राहते: माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

कोणी म्हणेल, हे अज्ञान आहे, शिक्षणाने जाईल. या आशेविरुद्ध माझ्याजवळ एका मराठी स्त्रीचीच साक्ष आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म संस्थेत जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. हे फिशर 1908 साली जर्मनांच्या नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन रेहोबोथच्या मिश्रवंशीयांची मापे घेऊन आले होते. त्याच वसाहतीत हेरेरो लोकांचा संहार नुकताच घडलेला होता. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी बाजू अधिक वाढलेली असते आणि त्यातच त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व असते, ही त्यांची कल्पना. इरावतीबाईंनी 149 कवट्या एकेक करून मोजल्या आणि कवटीच्या असमतेचा वंशाशी काडीचाही संबंध नाही, असा निष्कर्ष त्याच संस्थेत, त्याच गुरूपुढे ठेवला. परक्या देशात आलेल्या एका तरुण विद्यार्थिनीने एवढे धैर्य दाखवावे, याचा अभिमान मला आयुष्यभर पुरेल. परंतु पुढे काय झाले? 1933 मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि 1935 मध्ये न्युरेंबर्गचे वंशकायदे आले. पुरावा संस्थेच्या कपाटात पडून होता, तरीही वंशद्वेषाचा कारखाना चालूच राहिला. कारण तो पुराव्यावर उभारलेलाच नव्हता.

आपल्या देशातही हेच घडले. 1901 च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला. मद्रासच्या संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन मापाचे चिमटे घेऊन दक्षिणेत हिंडले आणि 1909 साली त्यांनी जातीजमातींचे सात खंड प्रसिद्ध केले. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या ग्रंथात ती मापे तपासली, आणि 1948 साली डॉ. आंबेडकरांनी त्याच मापांच्या आधारे ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात असे दाखवून रिस्लेसाहेबांचा डोलारा जमीनदोस्त केला. तरीही विवाहाच्या जाहिरातींत ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ वधू आजही मागितली जाते, आणि 2012 च्या ऑगस्टमध्ये ईशान्येकडील हजारो तरुण हल्ल्याच्या नुसत्या अफवांनी बंगळूर व पुणे सोडून पळाले, तेव्हा या शहरांत आपण आपले आहोत असा विश्वास त्यांच्या मनात उरला नव्हता.

आता सरगूरचे बोलू. या गावाच्या पश्चिमेला काकनकोटेचे अरण्य आहे. तेथे रानहत्ती पकडण्याचे खेड्डे भरत, त्यांतले काही राजपुत्रांच्या करमणुकीसाठी. शेवटचा 1971 साली भरला. हत्तीची वाट ओळखणारे, त्याला आत वळवणारे आणि पुढे माणसाळविणारे हात जेनु कुरुब व काडु कुरुब या आदिवासी जमातींचे होते. 1973 मध्ये बंडीपूरचा व्याघ्रप्रकल्प आला, 1974 मध्ये कबिनीचे धरण पुरे झाले, नागरहोळेचे राष्ट्रीय उद्यान झाले; आणि ज्यांनी ते रान राखले त्यांच्या हाड्या, म्हणजे वस्त्या, उठविल्या गेल्या. त्याच नागरहोळेत एका मोठ्या हॉटेल कंपनीला मात्र जागा देण्यात आली होती. आदिवासींनी विरोध उभारला, तेव्हा 1997 साली उच्च न्यायालयाने तो पट्टा बेकायदा ठरविला. झोपडीने अरण्य बिघडते आणि हॉटेलने बिघडत नाही, हा निवाडा कोणत्या निसर्गनियमाने होतो?

दसऱ्याला म्हैसूरला जाऊन पाहा. राजवाड्याच्या आवारात माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी यांची कुटुंबे शेडमध्ये उतरलेली असतात. पहाटे माहूत हत्तीच्या कानामागे हात फिरवून त्याला बसवितो, खरखरीत नारळाच्या शेंड्यांनी त्याची कातडी घासतो, वाळूच्या पोत्यांचे वजन पाठीवर चढवून रोज वाटेने चालवतो, कारण मिरवणुकीच्या दिवशी 750 किलोंची सुवर्ण अंबारी त्या पाठीवर ठेवायची असते. लाखोंच्या गर्दीत बुजू शकणारे ते जनावर ज्या एका आवाजावर थांबते, तो आवाज कित्येक वेळा जेनु कुरुबाचा असतो. तोच माणूस आपल्या हाडीच्या जमिनीचा अर्ज घेऊन कचेरीत उभा राहिला की त्याला ‘या लोकांना काही कळत नाही’ असे ऐकावे लागते. आणि हे बोलणारा कारकून दुष्ट असतोच असे नाही. त्याला कागद हवा असतो, आणि या माणसाला कागद न देण्याची तजवीज पिढ्यान्पिढ्या झालेली असते. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी वडीलधाऱ्यांचे जबाब, दफनभूमी, देवस्थाने, जुन्या विहिरी हे सारे पुरावे मान्य केले आहेत. तरी 2025 च्या मे महिन्यात जेनु कुरुब कुटुंबांना नागरहोळेतील आपल्या पूर्वजांच्या जागी स्वतःहून परत जाऊन बसावे लागले.

माझा रोख परक्यांवर नाही. या म्हैसूर संस्थानात आपली माणसे केवळ पाहुणी नव्हती. व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव हे तंजावर मुलखातल्या मराठी घराण्यांतले गृहस्थ 1906 ते 1912 या काळात येथे दिवाण होते. जमाबंदी, सनद, वहिवाट, कबुलायत हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी रोजचे होते. ज्याच्या हाती दफ्तर त्याच्या हाती जमीन, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आणि दफ्तरात ज्याचे नाव नाही तो मागास, ही समजूत पसरविण्यात आपल्या सुशिक्षित घरांचा वाटा आहे, हे मी येथे उभा राहून स्पष्टपणे सांगतो. ज्याला ते कटू लागेल त्याने मला उत्तर द्यावे.

संयोजकांनी ठरावांची जी यादी माझ्याकडे दिली आहे तीत मराठी शाळा, मराठी ग्रंथालय आणि मराठी भवन आहे. तिन्हींना माझा पाठिंबा आहे. चौथा ठराव मी अध्यक्षाच्या अधिकारात स्वतः मांडतो: या सभेतील वकील, निवृत्त तलाठी, मोजणीदार व कारकून यांनी एक समिती नेमून, हाडीहाडीत जाऊन, वडीलधाऱ्यांचे जबाब टिपून, दफनभूमीचे व देवस्थानांचे नकाशे काढून वनहक्काचे अर्ज ग्रामसभेपुढे दाखल होईपर्यंत त्या लोकांबरोबर राबावे, आणि अर्जावर बोलण्याचा मान प्रत्येक वेळी हाडीच्याच माणसाला द्यावा. ज्यांना हा ठराव मराठी मंडळाच्या कक्षेबाहेरचा वाटतो त्यांनी आता हात वर करून तसे सांगावे. मी त्यांच्याशी येथेच, मतदानापूर्वी, वाद घालण्यास तयार आहे.