जुन्या जलस्कूटरचें यंत्र

कावासाकी कंपनीनें १९७३ सालीं जेट-स्की बाजारांत आणली. तिचें आरंभीचें यंत्र द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक होतें. अशा यंत्रांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम क्रँककेसमध्यें शिरतें. म्हणून क्रँकशाफ्टच्या टोकांशीं बसविलेलें रबरी सील हवाबंद असावेंच लागतें. तें दिसावयास क्षुल्लक, पण बदलावयाचें तर बहुधा सारी पेटी उकलावी लागते. जुनी गाडी घेणारा म्हणून नव्या पिस्टनवरच समाधान मानतो! सील झिजलें कीं बाहेरची हवा आंत ओढली जाते, मिश्रणांत पेट्रोल व त्यांत मिसळलेलें तेल दोन्ही उणीं पडतात, आणि तो नवा पिस्टनही वितळूं शकतो. जाणता कारागीर जोडणी होतांच सर्व तोंडें बंद करून आंत थोडी हवा भरतो व सांध्यांवर साबणाचें पाणी लावतो. बुडबुडा दिसला, कीं यंत्र पुन्हां उघडावयाचें.