हिशोबातला कमावता कोण?

मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरते, असं पुस्तकात शिकवतात. पण १९५७ साली १५व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि युनियननी मिळून किमान वेतनाचा हिशोब कसा मांडला, ते पाहा. कमावता एक. खाण्याचा वाटा पुरुषाचा १, बायकोचा ०.८, दोन मुलांचा प्रत्येकी ०.६, एकूण तीन. बाईची कमाई मोजायचीच नाही! हेतू चांगला होता: एकाच्या मजुरीत घर चालावं. पण घराघरातली समजूतच सूत्रात उतरली: बाई खाते, कमवत नाही. मग तिची मजुरी वरखर्चाची ठरते. एकटीनं घर ओढणारी बाई या हिशोबात बसणार कुठे? मजुरीवाढ मागताना आपण हा हिशोबही मागायला हवा.