अतिदक्षता विभाग आणि झिजणारे स्नायू

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे प्राण वाचवताना त्याच्या मांड्यांकडे कोण पाहणार? पाहायलाच हवे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सोनोग्राफीने मांडीचा स्नायू मोजला, तर दहा दिवसांत तो सरासरी 18 टक्के घटलेला होता. मग नळीतून भरपूर प्रथिने द्यावीत, असे कुणालाही वाटेल. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे 1300 रुग्णांच्या चाचणीत, दर किलो वजनामागे रोज 2.2 ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवूनही रुग्ण लवकर घरी गेले नाहीत. मूत्रपिंडे बिघडलेल्यांना उलट अपायच दिसला. अंगात दाह आणि स्नायू निपचित असताना प्रथिने स्नायूंत नीट मुरत नाहीत.

म्हणून हालचाल हवी. 2009 च्या अमेरिकी अभ्यासात गुंगी उतरवून लगेच व्यायाम दिलेल्यांपैकी 59 टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना आपली कामे आपण करत होते. उशिरा व्यायाम मिळालेल्यांत 35 टक्केच. इतक्या आजारी माणसाला हलवणे धोक्याचे नाही का? शंका रास्त आहे. 2022 च्या मोठ्या चाचणीत व्यायामाचा जोर वाढवल्यावर फायदा वाढला नाही, नाडी-रक्तदाबाच्या तक्रारी मात्र वाढल्या. पण तिथे दुसऱ्या गटालाही नेहमीची हालचाल मिळतच होती. तेव्हा प्रथिने हळूहळू दर किलो वजनामागे रोज 1.3 ग्रॅमपर्यंत न्यावीत, आणि आधी पडल्यापडल्या गुडघे वाकवून घ्यावेत, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवावे. नाडी आणि श्वास पाहत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.